अख्खं बोलणं

तालुक्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा अंगात मांस कमी आणि तोरा जास्त होता. खळ घातलेली सुती साडी, खांद्याला पर्स, आणि पर्समधून मुद्दाम डोकावणारं जाडजूड इंग्रजी पुस्तक. वडीगोद्रीच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत उभी राहिले की ते उघडून वाचायची. एकदा शेजारी उभ्या असलेल्या बाईनं हळूच सांगितलं, "बाई, तुमच्या पुस्तकातला माणूस खाली डोकं वर पाय करून राह्यला." मी पुस्तक सुलट केलं आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू इंग्रजी असंच वाचतात.

कॉलेजात मला भाषेचा इतिहास शिकवायला दिला, कारण तो दुसऱ्या कोणालाच नको होता. मला वाटलं, हुशारी पाहून दिला.

पहिल्या तासाला मी फळ्यावर एक उंदीर काढला आणि त्याला लांबलचक शेपटी काढली. म्हटलं, पोरांनो, उंदीर म्हणजे शब्द आणि शेपटी म्हणजे त्याचा प्रत्यय. आपण म्हणतो, सासूने सुनेला हाणलं. सुनेला सासूने हाणलं म्हणा, नाहीतर हाणलं सुनेला सासूने म्हणा, मार सुनेलाच बसतो, कारण 'ने' आणि 'ला' जागा सोडत नाहीत. जुनी इंग्रजी अशीच होती. प्रत्येक नामाला शेपट्या, लिंगं तीन, विशेषणं नव्या नवरीसारखी नामाच्या मागे वाकून चालणारी.

मग त्या शेपट्या गेल्या कुठे? त्या काळचा इंग्रज शब्दाच्या सुरुवातीला जोर द्यायचा आणि शेवट तोंडातल्या तोंडात गिळायचा. त्यात समुद्रापलीकडून उत्तरेचे लोक आले, लढले, राहिले, सोयरिकी केल्या. त्यांचे शब्द जवळपास तेच, शेवट तेवढे निराळे. जालन्याच्या मोंढ्यात आपला बागायतदार आणि हैदराबादचा व्यापारी समोरासमोर आले की काय करतात? 'मोसंबी, पूरा गाडी, आज, बराबर?' एवढ्यावर सौदा होतो. प्रत्यय लावत कोण बसतं? तसंच तिकडे झालं. पुढे फ्रेंच बोलणाऱ्यांचं राज्य आलं, दरबारातलं लिहिणं त्यांच्या भाषेत गेलं, आणि इंग्रजीच्या चुका काढायला कोणी पंतोजी उरला नाही. कित्येक पिढ्यांत शेपट्या झिजत गेल्या.

"मंग सासू कोन आन् सून कोन, कसं कळायचं मॅडम?" एका पोरीनं विचारलं.

जागेवरून, मी म्हटलं. करणारी आधी, क्रिया मध्ये, जिच्यावर बेतलं ती शेवटी. आणि मदतीला टू, ऑफ, विथ असे छोटे छोटे सुटे शब्द. इंग्रजीत दोघींच्या जागा बदला, की सासू मार खाते. वर्गातल्या पोरींना ती भाषा एकदम आवडली.

मग मी ऐटीत उंदराची शेपटी पुसली. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, असा उंदीर जगतो का?" "जगतो!" मी म्हटलं. "हलका होतो आणि जगभर पळतो!" पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि माझं नाव पाडलं, शेपटी मॅडम. ते निवृत्तीपर्यंत पुसलं गेलं नाही.

खरं म्हणजे हा तास मी वर्गाच्या आधी ह्यांच्यासमोर घेतला होता. माझे सगळेच तास आधी ह्यांच्यासमोर व्हायचे. आमचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते, घरात सासूबाई, चुलतसासूबाई, येणारंजाणारं. नवराबायकोनं बोलायचं कुठे? हे बागेला पाणी द्यायला निघाले की मी डबा घेऊन मागे जायची. विहिरीचं पाणी पडतं त्या दगडी थारोळ्यावर हे बसायचे आणि मी उभी राहून शिकवायची. ह्यांचं शिक्षण बारावीपर्यंत, इंग्रजीचा तर जुना राग, पण ऐकायचे मन लावून. मध्येच काडी घालायचे.

आंबिया बहार धरायचा म्हणून तेव्हा मोसंबीचं पाणी तोडलेलं होतं. आमच्याकडे त्याला झाड ताणावर सोडणं म्हणतात. पाणी तोडलं की पानं मलूल होतात, गळतात, आणि मग पाणी दिलं की झाड फुलानं भरून जातं. मी हात पसरून म्हटलं, "बघा, इंग्रजी अशीच ताणावर गेली. पानं गळाली आणि बहार आला!"

"आन् ताण जास्ती झाला तर?" हे म्हणाले.

"तर काय?"

"तर झाड वाळतं, मॅडम. सगळ्याच पानगळीला बहार येत न्हाई."

"इंग्रजी वाळली का?"

"ते तू सांग. मी कशाला इंग्रजाच्या बागेत जाऊन राह्यलो?" आणि डब्यातलं माझ्या वाट्याचं पिठलं खाऊन टाकलं. मी मात्र उपाशीपोटी त्यांना पुढचं सांगत राहिले. एवढी बावळट.

आमचा संसार म्हणजे हेच होतं. दागिने झाले, मोडले. मुलगा झाला, मोठा झाला, एमआयडीसीतल्या लोखंडाच्या कारखान्यात लागला. बोलणं मात्र खंडलं नाही. भांडण झालं तरी बोलून. ह्यांनी कधी अबोला धरला नाही आणि मला तर तो धरताच येत नाही.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला ह्यांचं उजवं अंग गेलं. सकाळी चहाचा कप हातातून सुटला. मी म्हटलं, "अहो, झोपेतच आहात का?" तर हे माझ्याकडे पाहून तोंड हलवत होते आणि त्यातून काही येत नव्हतं.

जालन्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गाठ अडकली होती. जीव वाचला. हळूहळू पाय उचलायला लागले. मुलाच्या घरी, जालन्यातच राहिलो, व्यायाम शिकवणारा माणूस रोज येऊ शकेल म्हणून. आणि एका दुपारी शब्द यायला लागले. पहिला शब्द पाणी. सुनेनं देवापुढे साखर ठेवली.

शब्द आले ते नुसते आले. 'पाणी'. 'झाड'. 'पोरगं'. 'तू'. ना 'ने', ना 'ला', ना 'हून'. क्रियापदांचे शेवट गळालेले. जे व्हायला इंग्रजीला कित्येक पिढ्या लागल्या आणि एकालाही ते दुखलं नाही, ते माझ्या एका माणसाच्या तोंडात एका सकाळीत झालं होतं. मी फळ्यावर हसत हसत जे पुसलं होतं ते कोणाच्या तोंडातून असं पुसलं जातं, हे मला ठाऊक नव्हतं.

एकदा हे म्हणाले, "सून. मी. जेवण." सुनेला वाटलं, भूक लागली. तिनं ताट आणलं. ह्यांनी मान हलवली. मुलाला वाटलं, तिनं भरवायला पाहिजे. तिनं घास पुढे केला. ह्यांनी डाव्या हातानं तो असा उडवला की वरण भिंतीवर. मग रडायला लागले. बऱ्याच वेळानं कळलं, सुनेनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, ते ह्यांनी पाहिलं होतं, म्हणून तो 'मी', आणि 'ती जेवली का' असं मला विचारत होते.

तेव्हा माझ्यातली शेपटी मॅडम जागी झाली. म्हटलं, प्रत्यय गेले तर जाऊ देत, जागा पक्की करू. मी ह्यांच्या खाटेच्या कडेला तीन ठिकाणी सुनेच्या जुन्या साडीच्या चिंध्या बांधल्या. पहिल्या चिंधीला हात लावून करणारा सांगायचा, मधल्या चिंधीला काय केलं ते, शेवटच्या चिंधीला कोणाला किंवा कशाला. 'साठी' आणि 'संगं' हे दोन सुटे शब्द घोटून घेतले. डॉक्टर म्हणाले, "आजी, चांगलं करताय." मग काय विचारता. म्हातारपणी पुन्हा अंगात तोरा.

आणि ते जमलं. दिवाळी यायच्या आत हे चिंध्यांवर बोट फिरवत म्हणाले, "पोरगं. आण. मोसंबी. तू साठी." मुलानं माझ्यासाठी मोसंबी आणली होती आणि सुनेनं ती फ्रीजमध्ये मागे ठेवली होती, ते ह्यांनी मला सांगितलं. चुगली! आजारपणातली पहिली चुगली. मी ह्यांच्या कपाळाचा मुका घेतला, सून दारात उभी असताना.

इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण मास्तरीण ती. मला वाटलं, हे बोलतात त्याच पद्धतीनं आपणही बोललो तर ह्यांना सोपं जाईल. घरात फर्मान काढलं. ह्यांच्याशी बोलताना तोडून, सुटं, जागेवर बोलायचं. मुलगा कामावर निघताना दारातून म्हणायचा, "बाबा. मी जाणं. कंपनी." सून म्हणायची, "बाबा. खाणं. भाकर?" आणि मी, जिनं चाळीसेक वर्षं ह्यांच्या कानाशी तोंडाचा अखंड पट्टा चालवला, ती खाटेशी बसून म्हणायची, "तुम्ही. गोळी. घेणं." ह्यांचे कान शाबूत होते. समज सगळी शाबूत होती. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की ऐकलेलं ह्यांना बरोबर कळतं. पण मला शिकवायची खाज.

हे हळूहळू गप्प झाले. चिंध्यांना हात लावेनात. तोंड भिंतीकडे करून पडायला लागले. मला वाटलं, अशक्तपणा. मी शब्द आणखी कमी केले. "तुम्ही. दूध." हे डोळे मिटून घ्यायचे.

मग एके दिवशी धुऱ्यावरचे शेजारी आले. आमच्या दोघांच्या शेतांमधला बांध, म्हणजे धुरा, त्यावर एक कडुलिंबाचं झाड आहे. ते कोणाचं, यावरून ह्यांचं आणि त्यांचं माझ्या लग्नाच्या आधीपासून भांडण. एकदा तर दोघं मोजणीवाल्याला मध्ये उभं करून त्याच्या डोक्यावरून भांडले होते, तो बिचारा साखळी टाकून पळून गेला. हे आजारी पडल्यापासून शेजारी पहिल्यांदाच आले होते. हातात पिशवी, चेहरा पडलेला. टोपी काढून खुर्चीच्या टोकावर बसले.

मी दारातच त्यांना बजावलं होतं, "दाजी, त्यांच्याशी सुटं सुटं बोलायचं. तीन शब्दांत."

त्यांनी प्रयत्न केला. "तुम्ही... बरं..." आणि अडकले.  मग एकदम त्यांना ते सहन होईना. मांडीवर थाप मारून म्हणाले, "आरं, असं कसं बोलू मी ह्याच्याशी! चार महिने झाले, तू हितं गादीवर लोळून राह्यला आन् तिकडं त्या लिंबाची सावली माझ्या कपाशीवर पडून पडून पार वाटोळं केलं तिनं! मी पोराला म्हनलं, तोड ती फांदी. तर पोरगं म्हनलं, काका घरी न्हाईत, मागून तोडली तर लोक काय म्हनतील. मंग मी सोडली. पन ध्यानात ठेव, उठून बसला की पहिलं तुझ्या डोळ्यांदेखत तोडनार, आन् तुला काय करायचं ते कर!"

भिंतीकडे तोंड केलेला माणूस वळला. डावा हात वर गेला, बोट उगारलं. "माझं!" हे ओरडले. "लिंब! माझं!"

"तुझं कसलं, तुझ्या आज्यानं माझ्या आज्याच्या धुऱ्यावर लावल्तं!"

"माझं!" आणि हे हसले. अर्ध्या तोंडानं, लाळ गळत, पोट हलवत हसले. शेजारीही हसता हसता टोपीनं डोळे पुसायला लागले. सुनेनं चहा केला तोवर दोघांचं भांडण ऐन रंगात आलं होतं. ते वाक्यावर वाक्य टाकत होते आणि हे प्रत्येक वाक्याला एका शब्दानं ठोकत होते.

शेजारी गेल्यावर मी खाटेशी बसले. हे माझ्याकडे पाहत होते. हात चिंधीकडे गेला नाही, माझ्या मनगटाला धरलं.

"पोरगं," म्हणाले. मान हलवली. "पोरगं न्हाई. मी."

लहान पोर नाही मी, असं म्हणत होते. मला कळलं होतं, तरी विचारलं, "काय?"

"तू. बोल." मग हात लांब केला, खाटेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जेवढा पोहोचेल तेवढा. "तू... बोल."

त्या दिवशी मी तोंड उघडलं ते दिवे लागेपर्यंत मिटलं नाही. काय काय बोलले! सून पोळ्या जाड करते इथपासून ते चुलतसासूबाईंनी माझ्या लग्नात लपवलेल्या पितळी घागरीपर्यंत. सगळं त्याच्या शेपट्यांसकट. "अहो, तुम्हाला आठवतं का, त्या घागरीवरून तुमच्या आईनं..." असं लांब लांब. ह्यांना ते प्रत्यय बोलता येत नव्हते, पण ऐकायचे होते. ज्याचं तोंड कोरडं पडलं त्याचं पाणी मी तोडलं होतं.

तो हिवाळा चांगला गेला. खरंच चांगला गेला. मी बोलायची, हे एकेका शब्दानं चिमटे काढायचे. सून हसायची. मुलगा पाळी संपवून आला की शर्टाला लोखंडाचा वास घेऊन तसाच खाटेवर बसायचा आणि कारखान्यात कोणाचं कोणाशी वाजलं ते पूर्ण सांगायचा. एकदा मी मुद्दाम खोडी काढली. म्हटलं, "काय हो, इंग्रजीला बहार आला की नाही? शेवटी तुम्ही पण इंग्रजीसारखेच बोलायला लागलात. जागा धरून."

हे खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "पानं. गेली." थांबले. शब्द शोधत होते, मी घाई केली नाही. "बहार... न्हाई."

  मी त्यांच्या पायाला तेल लावत बसले.

संक्रांतीनंतर दुसरा झटका आला. आता हात उगारत नाहीत. 'पाणी' गेलं, 'पोरगं' गेलं, 'माझं' गेलं. 'तू' सगळ्यात शेवटी गेलं. दिवसभर नुसतंच म्हणत होते, तू, तू, कोणाकडेही न पाहता, आणि दुसऱ्या सकाळी तेही नव्हतं. डॉक्टरांना मी विचारलं, "ऐकलेलं तरी कळतं का?" पहिल्या वेळी ते लगेच हो म्हणाले होते. या वेळी चष्मा पुसत बसले. म्हणाले, "सांगता येत नाही, आजी." मी म्हटलं, "मग मी काय समजू?" ते म्हणाले, "तुम्ही बोलत राहा." असं डॉक्टर कधी म्हणतात ते एवढं वय झाल्यावर कळतं.

पूर्वी मी गोष्ट सांगताना मुद्दाम मध्ये थांबायची. पुढचं हसू कुठे आहे ते ह्यांना माहीत असायचं आणि त्या जागी ह्यांचे डोळे आधीच बारीक व्हायचे. आताही थांबते. डोळे पंख्याकडे असतात. कधी माझं बोट घट्ट धरतात. मुलगा म्हणतो, ते आपोआप होतं आई, बाळासारखं. असेल. मी बोट काढून घेत नाही.

परवा दुपारी मी सांगत होते, गल्लीतल्या दूधवाल्यानं नवीन मोटारसायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी किटलीसकट गटारात कशी घातली. छान रंगवून सांगितलं. गटाराच्या तोंडाशी आणून थांबले. हे पंख्याकडे पाहत होते. मी वाकून त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड नेलं.

"अहो, ऐकता ना?"

 पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. माझा आवाज चिरकला असावा.

"हो, आई," स्वयंपाकघरातून सून म्हणाली. "ऐकून राह्यले मी."

"तुला कोणी विचारलं?" मी खेकसले. एवढ्या जोरात की माझं मलाच लागलं.

आत भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं ती मेथीची जुडी आणि परात घेऊन आली, ह्यांच्या पायथ्याशी खाली बसली आणि पानं खुडायला लागली.  मी तिला ऊठ म्हटलं नाही. ह्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि दूधवाल्याला गटारातून वर कोणी आणि कसं काढलं ते पहिल्यापासून सांगायला लागले.